देणाऱ्या हाताचे शिक्षण
डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे जीवन आणि कार्य

जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने जाताना पिंपरी आली की हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा विस्तीर्ण परिसर दृष्टीस पडतो. या परिसरातील जुन्या रहिवाशांपैकी पुष्कळांच्या घरी या कारखान्याची काही ना काही आठवण आहे. १९५४ साली भारत सरकारने युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने तो उभारला, आणि तोवर परदेशातून येणारे पेनिसिलीन आपल्या पिंपरीत तयार होऊ लागले. पुढे याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत 'हॅमायसिन' नावाचे बुरशीनाशक औषध सापडले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याला शास्त्रज्ञांनी 'स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना' असे नाव दिले. आपल्या गावाचे नाव अशा रीतीने विज्ञानाच्या ग्रंथांत जाऊन बसले. मोटारी, स्कूटरी आणि सुटे भाग ही आज पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याची ओळख असली, तरी या औद्योगिक जीवनाच्या पायाशी औषध आहे, ही गोष्ट आपण विसरू नये.

परंतु परदेशी औषधावर अवलंबून न राहता ते आपल्या देशात तयार करता येईल, हा आत्मविश्वास १९५४ साली एकाएकी जन्माला आला नव्हता. त्याच्या एकोणीस वर्षे आधी मुंबईत एका मुसलमान रसायनशास्त्रज्ञाने हेच स्वप्न पाहून एक कंपनी स्थापन केली होती. त्यांचे नाव डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद. त्यांच्या 'सिप्ला' कंपनीची औषधे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात केव्हा ना केव्हा आलेली आहेत, पण त्यामागील माणूस आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाचा परिचय करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

बालपण, शिक्षण आणि चळवळ

हमीदसाहेबांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. सर सय्यद अहमद खान यांचे निधन याच वर्षी मार्च महिन्यात झाले होते. आधुनिक विज्ञान आणि इंग्रजी शिक्षण यांपासून समाजाने दूर राहू नये, म्हणून सर सय्यदांनी १८७५ साली ज्या गावी विद्यालय काढले, त्याच गावी पुढच्या पिढीतील हा वैज्ञानिक जन्मास यावा, हा एक सुंदर योग होय.

अलाहाबाद विद्यापीठातून हमीदसाहेबांनी विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले. तो काळ मोठा धामधुमीचा होता. १९२० साली महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली आणि सरकारी शिक्षणसंस्थांवर बहिष्कार घालावा असे आवाहन केले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी अलीगढ येथे 'जामिया मिल्लिया इस्लामिया' या राष्ट्रीय विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे राष्ट्रपतिपद भूषविणारे डॉ. झाकीर हुसेन त्या वेळी तेथील तरुणांत अग्रभागी होते. हमीदसाहेबही या चळवळीत ओढले गेले आणि जामियात त्यांनी रसायनशास्त्र शिकविले. झाकीर हुसेन यांच्याशी त्यांचा स्नेह या काळातला.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरकारी संस्थांवर बहिष्कार घातला म्हणजे शिक्षणच सोडले, असे या तरुणांनी केले नाही. एक विद्यालय सोडले, तर दुसरे आपल्या हातांनी उभारले. चळवळीच्या भरातही फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणे लिहिली जात होती.

बर्लिन आणि घर

१९२४ साली हमीदसाहेब उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाले. निघाले होते इंग्लंडला, परंतु वाटेत त्यांनी बेत बदलला आणि जर्मनी गाठली. ही केवळ तरुणपणाची लहर नव्हती. त्या काळी रसायनशास्त्रात जर्मनीचा हात धरणारा देश नव्हता. कृत्रिम रंग, औषधे आणि हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनविण्याची कृती या सर्व गोष्टी जर्मन प्रयोगशाळांतून निघून कारखान्यांत पोहोचल्या होत्या. ॲस्पिरिन बाजारात आणले ते १८९९ साली एका जर्मन कंपनीनेच. विद्यापीठातील प्राध्यापक आणि कारखान्यातील केमिस्ट यांचे तेथे एकमेकांशी जे नाते होते, ते आपल्या देशात अद्याप नव्हते. हमीदसाहेबांना तेच पाहायचे आणि शिकायचे होते. बर्लिन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

बर्लिनमध्येच त्यांची गाठ लिथुआनियातील ज्यू घराण्यातील लुबा या तरुणीशी पडली, आणि पुढे दोघे विवाहबद्ध झाले. धर्म, भाषा, देश सारेच निराळे, पण हा संसार अखेरपर्यंत टिकला आणि फुलला. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव युसूफ यांचा जन्म २५ जुलै १९३६ रोजी मातोश्रींच्या मुलखात, विल्निउस या शहरी झाला. पाच वर्षांनी, १९४१ साली, नाझी फौजा त्या शहरात शिरल्या आणि तेथील बहुसंख्य ज्यूंची हत्या झाली. ज्या जर्मनीत हमीदसाहेबांनी विद्या घेतली, त्याच जर्मनीच्या राज्यकर्त्यांनी विद्येचा असा दुरुपयोग करावा, हे इतिहासातील मोठे दुर्दैव. रसायनशास्त्राने माणूस वाचविता येतो आणि मारताही येतो. हातात काय घ्यायचे हे शास्त्र सांगत नाही. ते संस्कारावर अवलंबून असते.

सिप्लाची स्थापना

भारतात परतल्यावर हमीदसाहेबांनी पाहिले, की देशात रोगराई उदंड आहे, पण औषध मात्र परक्याच्या हाती आहे. स्वदेशी प्रयत्न झाले नव्हते असे नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे 'बेंगॉल केमिकल' १९०१ साली कंपनीच्या स्वरूपात उभे राहिले होते आणि बडोद्यात १९०७ साली 'ॲलेम्बिक' निघाली होती. तरीसुद्धा गरज अफाट होती आणि कारखाने मोजके.

१७ ऑगस्ट १९३५ रोजी 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' ही कंपनी मुंबईत नोंदली गेली. याच लांबलचक नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सिप्ला' हे सुटसुटीत नाव रूढ झाले. अधिकृत भांडवल सहा लाख रुपये होते. मुंबई सेंट्रलजवळ बेलासिस रोडवर एक लहानसा बंगला दरमहा ३५० रुपये भाड्याने घेण्यात आला आणि १९३७ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीची पहिली औषधे बाजारात आली.

या प्रारंभातील एक गोष्ट सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवावी अशी आहे. हमीदसाहेबांकडे स्वतःची पेटंटे होती आणि औषधे बनविण्याच्या स्वतःच्या कृती होत्या. त्या कंपनीस देताना त्यांनी एक पैचीही रॉयल्टी घेतली नाही. कंपनी सार्वजनिक होती, तिचे भाग लोकांनी घेतले होते. स्वतःच्या बुद्धीचे भाडे तिच्याकडून जन्मभर वसूल करणे कायद्याने अगदी रास्त ठरले असते, परंतु त्यांनी ते केले नाही. सिप्ला धर्मादाय संस्था नव्हती, ती नफातोटा पाहणारी कंपनी होती आणि आजही आहे. तरीही तिच्या पायाभरणीत हे दान पडलेले आहे.

४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी या कारखान्यास भेट दिली आणि हा हिंदी उद्योग पाहून आपल्याला आनंद झाल्याची नोंद अभिप्राय-वहीत केली. दोनच महिन्यांनी दुसरे महायुद्ध पेटले. परदेशी औषधांची आवक रोडावली. मलेरियावरील क्विनाईनचेच उदाहरण पाहा. सिंकोना झाडाच्या सालीपासून ते निघते आणि जगाला लागणाऱ्या सालीचा फार मोठा हिस्सा एकट्या जावा बेटातून येत असे. मार्च १९४२ मध्ये जपानने जावा घेतले आणि हा पुरवठा तुटला. एका बेटावर शत्रूचा झेंडा लागला आणि हजारो मैलांवरच्या तापाने फणफणलेल्या माणसाचे औषध गेले! परावलंबन म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही. या कठीण काळात सिप्लाने आपली सर्व साधने शुद्ध रसायनांच्या उत्पादनासाठी कामाला लावली.

'शुद्ध रसायन' या दोन शब्दांमागे किती श्रम असतात, हेही जाणून घेण्यासारखे आहे. झाडाची साल किंवा मुळी कुटली म्हणजे औषध झाले, असे नाही. त्या भुकटीतून हवे तेवढेच द्रव्य योग्य द्रावकाने ओढून काढायचे, आम्लाच्या साहाय्याने त्याचा क्षार बनवायचा, त्याचे स्फटिक करायचे, ते पुनःपुन्हा धुऊन निर्मळ करायचे आणि शेवटी प्रत्येक घाण्याची परीक्षा घ्यायची. मात्रा थोडी कमी पडली तर रोग हटत नाही, थोडी जास्त झाली तर रोगी दगावतो. औद्योगिक रसायनशास्त्रज्ञाची खरी कसोटी या सचोटीत आहे. रोगी त्याला कधी भेटत नाही, त्याचे नावही रोग्याला ठाऊक नसते, आणि तरीही एकाचा जीव दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो.

समाज आणि देश

कारखाना आणि कुटुंब एवढ्यावर हमीदसाहेब थांबले नाहीत. १९३७ पासून १९६२ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, ते मुंबईच्या विधान परिषदेचे सभासद होते. मुंबईचे शेरीफपद त्यांनी भूषविले. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर त्यांनी काम केले आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाशीही त्यांचा संबंध कायम राहिला. देशाच्या फाळणीला त्यांचा विरोध होता. १९४७ साली ज्या वेळी कित्येक घराणी सरहद्दीपलीकडे गेली, त्या वेळी हमीदसाहेब आपल्या प्रयोगशाळेसह येथेच राहिले. आपली माती, आपली माणसे आणि आपले काम येथे आहे, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता.

पुण्याच्या दृष्टीने त्यांच्या कार्याचा आणखी एक पैलू महत्त्वाचा आहे. औद्योगिक संशोधनासाठी देशपातळीवर संस्था हवी, असा आराखडा त्यांनी सरकारपुढे ठेवला होता. डॉ. शांतिस्वरूप भटनागर आदी शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून १९४२ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिच्या नियामक मंडळावर हमीदसाहेबांनी दीर्घकाळ काम केले. याच परिषदेची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पुण्यात सुरू झाली. पाषाण रस्त्यावरील ही संस्था आपल्या मुलांच्या घरापासून बसच्या अंतरावर आहे. तिच्या फाटकावरून आपण कितीदा जातो, पण आत काय चालते हे मुलांना सांगणारे आपल्यात किती?

हमीदसाहेबांच्या अखेरच्या वर्षांत औषधांच्या पेटंटचा प्रश्न ऐरणीवर आला. १९११ च्या ब्रिटिशकालीन कायद्यानुसार औषधावर परदेशी कंपनीचे पेटंट असले की येथील कारखान्याला ते बनविता येत नसे. स्वदेशी औषधनिर्मात्यांनी हा कायदा बदलण्याची मागणी लावून धरली. त्यात सिप्ला आघाडीवर होती. १९७० साली नवा कायदा संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. आता औषधावर पेटंट नव्हते, फक्त ते बनविण्याच्या कृतीवर होते, आणि तेही अल्प मुदतीचे. निराळी कृती शोधील त्याला औषध बनविण्याची मुभा मिळाली. भारतीय रसायनशास्त्रज्ञांच्या बुद्धीला यामुळे मोकळे रान मिळाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी हमीदसाहेब पैगंबरवासी झाले.

पुढील पिढी

बापाने लावलेले झाड मुलाने वाढविले. डॉ. युसूफ हमीद यांनी केंब्रिजला नोबेल पारितोषिकविजेते अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली संशोधन केले आणि १९६० साली ते सिप्लात दाखल झाले. आपल्या अंगणात जी सदाफुली फुलते, तिच्यापासून कर्करोगावरील दोन औषधे काढण्याची कृती सिप्लाने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने १९८४ साली सिद्ध केली. पुणे जिल्ह्यात कुरकुंभ येथे कंपनीचा कारखाना निघाला. आणि पुण्याजवळ वारजे येथे १९९७ पासून कर्करोगाच्या असाध्य अवस्थेतील रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करणारे केंद्र चालू आहे.

फेब्रुवारी २००१ मध्ये तर साऱ्या जगाचे लक्ष या कंपनीकडे लागले. एड्सवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचारास त्या वेळी रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांना ते औषध असूनही नसल्यासारखे होते. सिप्लाने तोच उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत, देऊ केला. हे शक्य झाले ते १९७० च्या कायद्यामुळे आणि त्या कायद्याचा उपयोग करू शकणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांमुळे. २००५ पासून औषधावर पुन्हा पेटंट लागू झाले आहे, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. म्हणजे हे काम संपलेले नाही. ते पुढच्या पिढीकडे आले आहे.

आपण काय घ्यावे?

पालक बंधु-भगिनींनो, थोरांची चरित्रे वाचून मान डोलवायची आणि मुलाला दहावीनंतर कुठे चिकटविता येईल याची चौकशी करायची, असे आपल्याकडे होते. घरभाडे, हप्ते, आजारपण यांचा भार मला ठाऊक आहे. मुलाने लवकर कमवावे असे वाटण्यात काही गैर नाही. परंतु आपल्या दारातील कारखान्यांकडे थोडे निरखून पाहावे. चाकण-भोसरीच्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये एक मुलगा टाकीत भाग बुडवितो आणि दुसरा त्या टाकीतील द्रावण तपासून काय कमी-जास्त आहे हे सांगतो. एकाच छपराखाली दोघे उभे असतात. अंतर असते ते तीन-चार वर्षांच्या शिक्षणाचे. पहिल्याचे काम हलके मुळीच नाही, पण यंत्र आले की पहिला घाबरतो तो तोच.

दुसरी गोष्ट भाषेची. 'आमच्या मुलाचे घरात उर्दू, शाळेत मराठी आणि पुस्तक इंग्रजीत, तो विज्ञान कसे शिकणार?' असा प्रश्न पालक विचारतात. हमीदसाहेब उर्दूभाषक घरात वाढले, इंग्रजीतून पदवी घेतली आणि पंचविशी उलटल्यावर जर्मन शिकून बर्लिनच्या प्रयोगशाळेत उभे राहिले. जास्त भाषा कानावर पडणे हे ओझे मानू नका. मुलाला थोडा वेळ आणि थोडा धीर द्या.

तिसरी गोष्ट मुलींची. प्रयोगशाळेतील परीक्षानळीला ती कोणाच्या हातात आहे हे कळत नाही. तिला फक्त हात स्थिर लागतो. ज्या घरात मुलगी विज्ञानात पहिली येते आणि तरीही अकरावीला तिची विज्ञान शाखा नाकारली जाते, त्या घराने आपले किती नुकसान केले याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडला जात नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याशी शेवटचे दोन शब्द. आपली पवना आणि इंद्रायणी पाहा. इंद्रायणीवर आळंदीपाशी पांढरा फेस तरंगताना कित्येकदा दिसतो. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी शुद्ध न करता सोडले की नदीची ही दशा होते. ते पाणी शुद्ध कसे करायचे, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे, आणि ते करायचेच, हा निश्चय माणसाच्या मनात हवा. उद्या तुमच्यापैकी कोणी एखाद्या कारखान्यात केमिस्ट झाला आणि नळी उघडण्याचा हुकूम त्याच्यापुढे आला, तर त्याच्या सहीवर खालच्या गावांचे पाणी अवलंबून असेल. त्या गावांत मशिदीत वुजू करणारे असतील आणि आळंदीला स्नान करणारे वारकरीही असतील. समाजाची सेवा म्हणजे केवळ आपल्या मोहल्ल्याची सेवा नव्हे. हमीदसाहेबांच्या औषधाने रोग्याची जात किंवा धर्म कधी विचारला नाही.

शिक्षणाने नोकरी मिळते, ती मिळालीच पाहिजे. पण एखाद्या समाजाची प्रतिष्ठा त्याने किती मागितले यावरून ठरत नाही. त्याच्या हातून इतरांना काय मिळाले, यावरून ती ठरते. हमीदसाहेबांनी घर सांभाळले, कारखाना उभारला, विद्यापीठांना वेळ दिला, आणि स्वतःच्या कृती मोबदला न घेता देऊन टाकल्या. देण्यासाठी आधी जवळ काही असावे लागते, आणि ते विद्येने येते. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांतून अशी विद्या आणि असा देणारा हात दोन्ही घडोत, एवढीच अपेक्षा.